मागील पानावरून

आमच्या घरात कपाटाला कुलूप नव्हतं.
वहीला होतं, म्हणजे सुतळी,
सुतळीला दोन गाठी,
आणि दुसरी गाठ फक्त अम्माला सुटायची.

नाना टॉवेलच्या कारखान्यात जॉबर.
अम्मा उंबऱ्यात, मांडीवर सूप,
हजार विड्यांची मोजणी बोटांत.
शनिवारी पगार. शनिवारी रात्री भात शिजेपर्यंत
आम्ही चौघं वहीभोवती बसायचो,
शेजारून सिनेमातली मारामारी ऐकू यायची.
शेंगदाणे, अर्धा किलो. रॉकेल.
भाग्याची पट्टी
(हरवली म्हणून दुसरी. आता शेवटची.)

नानांचं तेलुगू शिव्यांपुरतं उरलं होतं
आणि दोन शब्दांपुरतं: अप्पु वद्दु.
कर्ज नको.
किराणेवाला म्हणायचा, न्या की ओ, पुढच्या शनिवारी द्या,
तर नाना पिशवीतली निम्मी डाळ
परत त्याच्या मापात ओतायचे.
मी तेवढा वेळ चौकातली पाटी वाचायचो.
येथे रजया पिंजून मिळतील.
अजून पाठ आहे.

चौथ्या दिवशी नळाला पाणी.
तांदळाचं धुवण भांड्यांना,
भांड्यांचं विसळण तुळशीला.
कडक भाकरी एकदम आठ दिवसांच्या.
विडीच्या पानांच्या कातरणीवर आंघोळीचं पाणी तापायचं,
वर्गात माझ्या केसांना धूर यायचा.
एकदा गायकवाड बाक बदलून बसला.
हा खर्च कुठल्या रकान्यात लिहायचा
ते अम्माला विचारलं नाही.

पांघरायला सेकंडची चादर, रोखीने घेतलेली.
मोराचा एक पाय विणायचा राहून गेलेला.
भाग्या म्हणायची, तो बसलाय.
मी म्हणायचो, लंगडाय.
भांडता भांडता झोप लागायची.

समोर मेरगूंकडे हप्त्यावर फ्रिज आला.
अख्ख्या गल्लीने बर्फ चघळला, मीसुद्धा.
पुढच्या मे महिन्यात
दोन माणसं टेम्पो घेऊन आली.
मेरगूकाकूंनी पातेलंभर ताक
आणि निम्मं कलिंगड
पायरीवर काढून ठेवलं.
अम्मा उठली. वाटलं, आता म्हणेल, बघा.
तिने आमच्या माठाचं ओलं फडकं सोडलं,
नेऊन कलिंगडावर झाकलं,
आणि परत येऊन विड्या वळायला लागली.

मग भाग्याला बघायला पाहुणे आले,
न कळवता, सात जण.
साखरेचा डबा खरवडून बघून
अम्मा मागच्या दाराने गेली.
हमीदाबींनी वाटी शीग लावून भरली.
चहा गोड झाला, लग्न काही ठरलं नाही.
रात्री सुतळी सुटली.
देणे: हमीदाबी. साखर, एक वाटी, शीग.

शनिवारी वाटी घेऊन मी गेलो
तर दाराला कुलूप.
सुनेचं बाळंतपण, मुलाची नोकरी,
तिघांनी तीन गावं सांगितली.
साखर परत डब्यात ओतली
तेव्हा नाना भिंतीकडे बघत होते.

आता घर माझ्या नावावर आहे, बोजा नाही.
बँकेतली मुलगी फोनवर म्हणते,
सर, तुम्ही कधी कर्जच काढलं नाही,
तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा?
मला हसू येतं, तिला नाही.

सव्वीस वह्या आहेत.
प्रत्येकीच्या पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत
अम्माचं तिरकं अक्षर:
मागील पानावरून पुढे. हमीदाबी.
यंदाची वही माझ्या हातची आहे,
अम्माला आता ओळी दिसत नाहीत.
लिहिलंस का, विचारते.
मी वाचून दाखवतो.
हमीदाबी. साखर, एक वाटी.
ती थोडा वेळ थांबते.
मग म्हणते,
शीग राहिली.